लाल कॅसेटमधलं गाव

आमच्या आत्याबाईंना दुसऱ्याच्या घरात शिरता येत नव्हतं. पाय धड होते, ऑपरेशन होऊन दोन्ही डोळे लख्ख झाले होते, आणि जीभ अशी की बाजारातला कोथिंबीरवाला त्यांना लांबून बघूनच भाव उतरवायचा. पण दुसऱ्याचा उंबरा आला की बाई तिथंच थांबायची.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, भामाबाई. मुखेडच्या अलीकडं एक वाडी आहे, तिथल्या. मामंजी, नरसिंग त्यांचं नाव, ते वारले तेव्हा संघपालनं त्यांना लातूरला आमच्याकडं आणलं. संघपाल माझा नवरा. आम्ही दोघं नांदेडला एका वर्गात होतो, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते; ज्याला खटकतं त्यानं कान झाकावेत. मी दवाखान्यात नर्स आहे आणि मला राग लवकर येतो. तेही आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं नवल वाटायला नको.

समोरच्या घरात उज्वलाताई राहतात. शाळेतून रिटायर झालेल्या, ब्राह्मण घरातल्या, मुलं पुण्याला, दिवसभर एकट्या. बोलायला माणूस मिळालं की त्यांना बरं वाटतं. आत्याबाई आल्या तशी त्यांनी हाक मारायला सुरुवात केली. "भामाबाई, या ना आत, चहा टाकलाय." आत्याबाई जायच्या आणि पायरीवर बसायच्या. "इथंच बरं हाय माय, वारं लागतंय." उन्हाळ्यात वारं, हिवाळ्यात ऊन, आणि पावसाळ्यात काय, तर पाय चिखलाचे हायती. चहा पुढं केला की म्हणायच्या, आताच पिऊन आले. उज्वलाताईंनी बरेच महिने दम धरला. मग एक दिवस पाण्याच्या टँकरपाशी मला गाठून त्यांनी हळूच विचारलं, "राग मानू नका ज्योत्स्ना, पण तुमच्या सासूबाईंना आमच्या घरचं पाणी चालत नाही का?"

मी आधी खो खो हसले. मग घागर उचलता उचलता असा संताप आला की अर्धं पाणी साडीवर. वा रे दुनिया! पाणी चालत नाही का म्हणे! आणि विचारतंय कोण, तर ह्या! पण त्या बाईच्या तोंडावर खरोखरचं वाईट वाटलेलं दिसत होतं. साठी उलटली तरी कुणी तिला हा धडा शिकवलेलाच नव्हता, मग मी भांडू कुणाशी? "तसं काही नाही हो," म्हणून घरी आले.

घरी आल्यावर मात्र आत्याबाईंना धरलं. "का जात नाही तुम्ही आत? ती बाई एवढी बोलावते."

"जोसना," त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांना एवढंच घेता येतं. "मला इथं कळत न्हाई बघ, कुठं बसावं. गावाकडं मला माझी जागा ठाऊक हाय. कुणाच्या दारात कुठवर जायचं, कुठं टेकायचं, समदं ठाऊक हाय. मला गावाकडं सोडा. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत सोडा."

हे एकदा निघालं आणि मग रोजचंच झालं. वाडीतल्या घराची मागची भिंत पडलेली. शेजारपाजार कामासाठी हैदराबादला गेलेला. बीपीची गोळी हातावर ठेवून पाणी दिल्याशिवाय ही बाई खात नाही. तिथं एकट्या पडल्या तर चार दिवसांनी कळायचं. संघपाल पेपरात तोंड घालायचा, आणि मी खेकसायचे. खरं सांगू का, मला त्या जायला नकोच होत्या. माझी आई मी मुदखेडला सातवीत असतानाच गेली. ड्युटीवरून थकून आल्यावर आतून कुणीतरी "आली का गं?" म्हणणं काय असतं, ते मला ह्या बाईनं दाखवलं. ते जाणार म्हटल्यावर मी आणखीच खेकसायचे.

अशात संघपालनं ते खूळ घरात आणलं. पंचेचाळिशीचा घोडा, तहसीलमध्ये टेबलावर बसणारा माणूस, आणि मागवलं काय, तर जुना जपानी व्हिडिओ गेम! पिवळट पडलेला डबा, दोन वायरीचे रिमोट, आणि एक लाल कॅसेट. कॅसेटवर तलवार घेतलेलं एक बारकं पोरगं आणि खाली सगळं जपानीत. मी म्हणलं, "अरे, मिक्सर बिघडलाय ते दिसत नाही का तुला?"

तर ह्याचं म्हणणं असं. नांदेडला बोर्डिंगात असताना स्टेशनाजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तासावर पैसे. सगळी पोरं उड्या मारायचे आणि गोळ्या घालायचे गेम खेळायची. दुकानदाराकडं एकदा अशी एक कॅसेट आली होती. लावली, तर गोळी नाही, उडी नाही. एक पोरगं गावातून चाललंय आणि लोक त्याच्याशी बोलतायत. तेही जपानीत. असला खेळ संपायला महिना लागतो, तासाच्या हिशोबात बसणार कसा? दुकानदारानं कॅसेट काढून फेकून दिली. पण संघपालच्या डोक्यातून ते गाव काही गेलं नाही. आता स्वतःच्या टीव्हीवर, रविवारी दुपारी, लुंगी नेसून तो त्या गावात फिरणार होता. कॅसेट चालेना तशी काढून फू फू करून परत घातली, आणि तोंडावर असं हसू की मिक्सरचं मीच सोडून दिलं.

आत्याबाई खाटेवर तूर निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता त्यांचे हात थांबले.

"हे कुणाचं घर हाय रं?"

"कुणाचंबी."

"मंग हे पोरगं आत का शिरून राहिलं?"

"शिरावं लागतं, माय. आत जाऊन माणसांशी बोलल्याबिगर खेळ पुढं जात न्हाई."

"आन् कुणी हटकत न्हाई? कुणाचा तू, कुठून आला, काय बी न्हाई?"

"न्हाई."

आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "दे बरं इकडं."

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. त्यांनी ते पोरगं एका घरापर्यंत चालवत नेलं आणि दारापुढं उभं केलं. उभं म्हणजे उभंच. आम्ही दोघं बघतोय. मग विचारतात, "हाक मारायचं बटन कंचं?"

संघपाल हसायला लागला. "तसलं बटन न्हाई, माय."

"मंग घरधनिणीला कळावं कसं, दारात कोण आलं ते?"

"कळायची गरजच न्हाई. सरळ जायचं."

त्यांनी पोरग्याला आणखी थोडं उभं केलं. मग रिमोट मांडीवर ठेवला, डोईवरून पदर घेतला, नीट कानामागं खोचला, आणि बटन दाबलं. पोरगं आत गेलं. आत चूल, आणि चुलीपाशी लाल लुगड्यातली एक बाई. "आगं माय! थेट चुलीपाशी!" म्हणून आत्याबाईंनी रिमोटच टाकून दिला. संघपालनं मोबाईलचा कॅमेरा टीव्हीवर धरला. आजकाल त्यात परक्या भाषेतलं मराठीत करून मिळतं. निघालं, "पथिका, बाहेर शीत आहे, अग्नीजवळ ये." आत्याबाई म्हणाल्या, "बया कीर्तनकार हाय का?" पण हसता हसता त्या त्या चुलीकडंच बघत राहिल्या.

मग त्यांनी सांगितलं. तोवर माझ्याजवळ कधी बोलल्या नव्हत्या. मुखेडच्या मोंढ्यात धान्याचा व्यापार करणाऱ्या एका घरी त्या लगीन झाल्यापासून धान्य निवडायला जायच्या. घरची सून धोंडाबाई त्यांच्याच वयाची. भामाबाई बाहेर ओट्यावर, धोंडाबाई आत चुलीपाशी. पाणी वरून ओंजळीत, भाकर लांबून पदरात. पुढं ओंजळीच्या जागी पेला आला, पण तोही ओट्याच्या कोनाड्यात वेगळा, उपडा घातलेला. "तवा तसंच व्हतं," म्हणाल्या. हातपाय चालेनासे होईपर्यंत तिथं काम केलं, पण ते घर आतून कसं आहे, ते त्यांनी कधी पाहिलं नाही. आतून नुसता फोडणीचा वास यायचा.

त्या दिवसापासून रिमोट त्यांच्याकडं गेला. मायलेकांत वाटणी झाली. गावातली घरं फिरायची ती मायनं, रानातली मारामारी पोरानं. तो न्हाणीत असला तरी "संघ्या, विंचू आले रं!" म्हणून ओरडा व्हायचा आणि हा तोंडाला साबण तसाच घेऊन पळत यायचा. ती मारामारीही कशी, एकानं मारायचं, मग थांबायचं, मग दुसऱ्यानं मारायचं. आत्याबाई म्हणायच्या, "लई सभ्य भांडतेत बाई." लाल लुगड्याच्या बाईचं नाव त्यांनी मल्लम्मा ठेवलं होतं, आणि वेशीवरच्या टक्कल पडलेल्या म्हाताऱ्याचं चंद्रप्पा. खेळातलं जपानी कुणालाच वाचता येत नव्हतं, ना त्यांना ना आम्हाला, आणि दरवेळी मोबाईल धरणार कोण, त्यामुळं त्या अगदी मोकळेपणानं नावं ठेवायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी केली नाही. त्या खेळात लोकांच्या घरातली मडकी, कपाटं उघडून आतलं औषध, नाणी घ्यायची असतात. घेतलं तरी घरवाले काही म्हणत नाहीत. संघपालनं एकदा घेऊन दाखवलं, तर आत्याबाई खवळल्या. "ठेव माघारी! ठेव म्हणते ना!" माघारी ठेवायचंही बटन नव्हतं. "लोकांच्या घरात शिरलो तेच लई झालं. वर मडक्याला हात लावायचा? उद्या कमीजास्त झालं तर नाव कुणाचं घेतेल?" त्यामुळं आमचं पोरगं सदा औषधाविना, आणि जरा लांब गेलं की मरायचं. संघपाल कपाळाला हात लावायचा.

आणि तो शब्द. खेळातल्या धर्मशाळेचा मालक काहीतरी विचारायचा आणि खाली दोन चौकटी यायच्या. संघपाल शिकून आला होता. "ह्यो वरचा म्हंजी हो. होला जपानीत 'हाय' म्हणतेत."

"हाय? आपल्यावानीच? मंग ही आपलीच माणसं की रं!" त्यांना असा आनंद झाला की विचारू नका. "आन् खालचं?"

"न्हाईला 'ईये' म्हणतेत."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "तोंडानं ये म्हणायचं आन् मनात न्हाई. हाव, तसलीबी हायती. मुखेडात लई हायती." एवढं बोलून समोरच्या खिडकीकडं बघितलं. खिडकी उज्वलाताईंची होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही बाई आमंत्रण ऐकत होती, पण तिला ते खरं वाटतच नव्हतं.

जयंतीला थोडेच दिवस राहिले असतील. मी सकाळपाळी करून दुपारी आले, तर दार सताड उघडं. टीव्हीवर पोरगं एका घरात उभं, बाजा वाजतोय, आणि खाटेवर रिमोट पडलेला. आत बघते तर आत्याबाई जमिनीवर बसून पिशवीत लुगडी कोंबतायत. डोळे कोरडे. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"काय झालं?"

"काय न्हाई. गेले व्हते आत."

"कुठं आत?"

त्यांनी हनुवटीनं समोरचं घर दाखवलं. दार उघडं होतं. त्या पायरीवर थांबल्या नाहीत, हाक मारली नाही, खेळातल्यासारख्या सरळ हॉलमधून स्वैपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. आणि उज्वलाताई न्हाणीतून आल्या त्या किंचाळल्या, "अगबाई! तुम्ही आत कशा आलात?"

"म्हणलं व्हतं ना मी," आत्याबाई पिशवीची गाठ मारत म्हणाल्या. "तोंडानं ये."

मी चप्पल न काढता समोरच्या घरात गेले. काय काय बोलायचं ते रस्ता ओलांडेपर्यंत सगळं जिभेवर आलं होतं. उज्वलाताई ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसलेल्या. मला बघताच म्हणतात, "बरं झालं आलात! अहो, मी केवढी दचकले! खुडबूड ऐकून वाटलं, दुधावर मांजर आलं, आणि बघते तर ह्या! मी हाका मारत होते त्यांना, पण अशी गाऊनवर बाहेर कशी येऊ? रागावल्या का?"

"तुम्ही विचारलं होतं ना, पाणी चालत नाही का?" मी म्हणलं. "आता ऐका." आणि मोंढ्यातला ओटा, ओंजळ, उपडा पेला, सगळं सांगितलं. आवाज चढला असेल. चढू दे. त्या ऐकत गेल्या तशा त्यांच्या केसांचा टॉवेल सुटून खाली आला. "मला सुचलंच नाही हो," एवढंच म्हणाल्या. मी म्हणलं, "नाहीच सुचणार," आणि परत आले.

माझ्या मागोमागच त्या आल्या. तशाच, ओल्या केसांनी, गाऊनवर ओढणी टाकून. हाक नाही, टकटक नाही. पिशवी घेऊन बसलेल्या आत्याबाईंच्या समोरून सरळ आमच्या स्वैपाकाच्या ओट्यापाशी गेल्या आणि डबे उघडायला लागल्या. "चहापत्ती कुठं ठेवता?" मी म्हणलं, "मला नका विचारू." त्यांनी जिऱ्याचा उघडला, मेथ्यांचा उघडला, गुळाचा उघडून सांडला. आत्याबाईंना आधी काही कळेना. मग मात्र राहवलं नाही. "आगं त्यो न्हाई बाई! त्येच्या मागचा!" म्हणत उठल्या. त्या दुपारी तिघींनी आमच्या फरशीवर बसून चहा प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी आत्याबाई समोर जाऊन त्यांच्या स्वैपाकघरात बसून आल्या. मला वाटलं, सुटलो.

कसलं काय! संध्याकाळी म्हणतात, "जोसना, रविवारी मला मुखेडला ने." पिशवी अजून बांधलेलीच होती. संघपालनं टीव्ही बंद केला. "तू जा," मला म्हणाला, "माझ्याच्यानं तिला सोडवणार न्हाई." रविवारी अहमदपूरमार्गे जाणाऱ्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळा रस्ताभर तोंड खिडकीकडं करून रडले. त्यांना दिसलं असणार. नुसतं माझ्या मांडीवर हात ठेवून बसल्या.

मुखेडला उतरलो. वाडीची जीप उभीच होती, मी तिकडं वळले. आत्याबाई वळल्या मोंढ्याकडं. "तिकडं कुठं?" त्यांनी मागं बघितलंसुद्धा नाही. पिशवी सावरत मी मागं मागं.

घर स्लॅबचं, साधं. पुढं ओटा. तो ओटा मी पहिल्यांदाच बघत होते. सिमेंट गुळगुळीत झालेलं. पुढच्या खोलीत खाटेवर एक म्हातारी टीव्हीवर मालिका बघत बसलेली. आत्याबाई ओट्यावर थांबल्या नाहीत. पदर डोईवरून घेतला आणि आत. मी पिशवी काखेत मारली. म्हणलं, हिला इथं कुणी काही बोललं तर आज मोंढा डोक्यावर घेते.

"कोण हाय?" म्हातारीला नीट दिसत नव्हतं.

"भामा. नरसिंगची."

"भामा? आगं, आगं, कुठं निघाली..."

आत्याबाई तोवर स्वैपाकाच्या खोलीत पोचल्या होत्या. मी उंबऱ्यात उभी राहिले. अंधारी खोली. एक गॅस, फळीवर डबे, मोरी, कोपऱ्यात देव. वारा यायला एवढीशी जाळी. त्या मधोमध उभ्या राहून सगळीकडं बघत होत्या, आणि हात दोन्ही पदरात धरलेले, कशालाही न लावता. भिंत धरत धरत धोंडाबाई आल्या.

"काय बघून राहिली गं?"

"काय न्हाई. हितून वास यायचा. ओट्यावर बसून वाटायचं, आत केवढं मोठं आसंल की."

"मंग?"

"बारकंच हाय. माझ्या सुनेचं याच्याहून मोठं हाय."

मला वाटलं, आता ही म्हातारी भडकणार. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "बारकंच हाय," म्हणाली. "माझा जल्म गेला ह्याच्यात, भामा. तू बाहेर वाऱ्यावर बसायची. मला कुणी ओट्यावर येऊ देत नव्हतं. हितनं तुझा आवाज ऐकू यायचा. तू गाणी म्हणत निवडायची, मी ऐकत भाकरी थापायची."

मला राग आला. तिचं दुःख खरं असेल, पण ते हिच्या दुःखाशेजारी मांडून ठेवायची काय गरज? मी तोंड उघडणार, तोच आत्याबाई बोलल्या. आवाज साधा, रोजचा.

"मंग हाक का न्हाई मारलीस?"

धोंडाबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. बाहेर मालिकेतलं कुणीतरी जोरजोरात रडत होतं. आत्याबाईंनी वाट बघितली. मी उंबऱ्यातच होते, म्हणून सांगते, खरंच वाट बघितली, उत्तर येईल म्हणून. धोंडाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्या पदरानं पुसत राहिल्या.

आत्याबाई माझ्याकडं वळल्या.

"पिशवी घे, जोसना. लातूरची गाडी हुकंल."